निजलेल्याचा होकार

लोकमान्यनगर, इंदूर. रात्रीचा पाऊण.
टेबलावर उघडा बोर्ड, हिरवा, पोळपाटाच्या निम्म्याएवढा,
त्याला मी एकशे बाराव्यांदा झोपवते आहे.

झोपवणं सोपं नसतं.
आधी चालू कामं गोठवायची जिथल्या तिथे,
उचललेला पाय उचललेलाच.
मग पडदा, स्पर्श, रेडिओ,
ज्याने त्याने आपापला दिवा मालवायचा.
आणि शेवटी त्या तारा, ज्यांवरून कुणीही केव्हाही
खांद्यावर थाप मारून म्हणू शकतं, ऊठ.

आजवर तीनदा तो उठलाच नाही.
ना बंद, ना चालू.
नुसता गरम होत गेला, अंगात ताप मुरल्यासारखा.

आमच्या जिन्याशी घंटा एकच.
खाली आम्ही, वर राजूरकर.
वाजली की दोन्ही दारं उघडतात
आणि दोन्हीकडून तोच प्रश्न, आमच्याकडे का?
बोर्डावरही तसंच आहे,
बटण आणि स्पर्शाचा पडदा एकाच तारेवर नांदतात.
बटण जागं, कारण उठवायचं त्यानेच.
पडदा निजलेला.
तार वाजली की हाक मात्र दोघांनाही जाते.
इथवर मला कळत होतं.

आज पाण्याचा दिवस.
नर्मदा एक दिवसाआड येते, जलूदहून घाट चढून,
आमच्या गल्लीत पहाटे चारला, कधी साडेतीनलाच.
निजताना नळ उघडा ठेवायचा, खाली पालथी परात.
बाकी काहीही वाजो, कुत्री, बुलेट, वरचा मिक्सर,
आम्ही उठत नाही.
परातीला उठतो.

"पुष्कर, नळ उघडा ठेवलास?"
"हो."
"परात?"
"हो."
जरा जास्तच गुळगुळीत वाटलं. म्हणून म्हटलं,
"नर्मदा आलीये, सोफ्यावर बसलीये, चहा टाकू का तिला?"
"हो."

हसता हसता थांबले.

वीज काढून घेतलेल्या उपकरणाला विचारलं,
तुझ्याकडे काही आलंय का,
तर तिथून येतं एक एक एक एक,
बत्तीसच्या बत्तीस घरांत एक.
हो, बोट लागलं. हो, बोट उचललं.
हो, दोन बोटं होती. हो, चूकही झाली.
आणि माझा भाबडा कोड
एकेका होकाराची वासलात लावत बसतो,
लावून झाली की पुन्हा विचारतो,
पुन्हा हो.
त्याची पहाट होतच नाही.

दुरुस्ती नऊ ओळींची निघाली.
आधी पाटी लावायची: मी निजतोय.
मग थांबायचं. आत कुणाचा हात अजून कामात असेल
तर त्याची बादली भरू द्यायची.
वीज त्यानंतर.
(पहिल्यांदा मी हे उलटं लिहिलं, आणि तो पुन्हा तापला.)
पाटी असताना हाक आली तर आत डोकवायचंसुद्धा नाही,
उंबऱ्यावरूनच सांगायचं, आमच्याकडचं नाही.
आणि कड्या लावता लावताच बटण दाबलं गेलं
तर लावलेल्या कड्या काढायच्या, निजणं रद्द.
त्यात कमीपणा नाही.

पाचशे फेऱ्या लावून मोरीत गेले.
नळ बंद.
परात भांड्यांच्या टोपलीत, कोरडी.

चावी फिरवली. पाणी कुठलं इतक्यात,
पाइपातून नुसता वारा,
थोडा गंजाचा वास.
परात पालथी घालताना हातातून सुटली
आणि पुष्कर ताडकन उठून बसला.
"आलं?"
"नाही. झोप."

टेबलावर बोर्ड निजला, उठला, निजला.
दोनशे सदतीस.
बोट लावून पाहिलं,
गार होता.